कट, रस्सा आणि हळद: घरच्या कपड्यांवरचे खाण्याचे डाग कसे काढावेत

मिसळीच्या कटाचा एक थेंब शाळेच्या पांढऱ्या शर्टावर उडाला, की तिथे खरे तर एकाच जागी तीन डाग पडलेले असतात. वर तेलाचा तवंग, त्या तेलात विरघळलेला मिरचीचा लाल रंग आणि या दोहोंच्या खाली सुताला धरून बसलेली हळद. हे तिन्ही डाग निघतात, परंतु एकाच उपायाने निघत नाहीत, आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे: आधी तेल, मग मिरचीचा रंग, शेवटी हळद. हा क्रम न पाळता शर्ट थेट नळाखाली धरला आणि साबणाची वडी घासायला सुरुवात केली, तर तेल बाजूला पसरते, हळद लालभडक होते आणि बोराएवढा डाग तळहाताएवढा होऊन बसतो. आमच्या घरात अनेक वर्षे नेमके हेच होत असे.

घरात सात माणसे, त्यांतली दोघे सकाळी नऊला कामावर जाणारी, दोन शाळेची मुले, शनिवारी सकाळी बाहेरची मिसळ आणि रविवारी घरी मटण, असा आमचा आठवडा असतो. अशा घरात प्रत्येक डागामागे तासभर बसणे कोणालाही शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. डाग पडल्यापासून पहिल्या पाच मिनिटांत एक छोटे काम आणि त्याच दिवशी संध्याकाळी अर्धा तास कपडा भिजत ठेवणे, एवढे सांभाळले तर बहुतेक कपडे वाचतात. उरलेले सगळे श्रम हे पाच मिनिटांचे काम न केल्यामुळे वाढलेले असतात.

पहिल्या पाच मिनिटांचे काम असे. कपड्यावर घट्ट काही पडले असेल, म्हणजे उसळीतली मटकी, फरसाण, बटाट्याची फोड, तर ते चमच्याच्या कडेने वर उचलून घ्यावे. बोटाने पुसू नये, कारण बोटाने ते धाग्यांमध्ये दाबले जाते. त्यानंतर कोरड्या रुमालाने किंवा टिश्यू पेपरने डाग टिपावा. टिपणे म्हणजे वरून दाबून कागदात तेल ओढून घेणे; घासणे नव्हे. टिपताना कागदाची जागा बदलत राहावी आणि कागदावर नवा डाग उमटायचा थांबेपर्यंत ते करावे. तेलकट डागावर यानंतर घरात असेल ती टाल्कम पावडर किंवा चमचाभर बेसन टाकून दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. ते तेल शोषून पिवळसर होते आणि मग झटकून टाकता येते. बाहेर असताना पावडर मिळाली नाही तरी टिपून घेतलेला डाग घरी येईपर्यंत निम्मा हलका झालेला असतो.

दुसरी गोष्ट घरातल्या सोयीची आहे. डाग पडलेला कपडा धुण्याच्या टोपलीत टाकला, की तो इतर कपड्यांखाली दबतो, दोन दिवसांनी थेट मशीनमध्ये जातो आणि डाग कोणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून आम्ही मोरीच्या दाराजवळ एक वेगळी खुंटी ठेवली आहे. ज्याच्या कपड्यावर डाग पडला त्याने तो कपडा त्या खुंटीला लावायचा आणि डागाशेजारी दोरीवरचा एक चिमटा अडकवायचा, एवढा एकच नियम आहे. आमची आठ वर्षांची मुलगीसुद्धा तो पाळते. चिमट्यामुळे संध्याकाळी अंधुक उजेडात डाग शोधत बसावे लागत नाही, आणि पांढऱ्या रश्शासारखे डाग तर चिमट्याविना सापडतच नाहीत. खुंटीखालच्या फळीवर भांडी घासण्याचे लिक्विड, एक जुना मऊ टूथब्रश आणि पावडरचा डबा एवढेच सामान असते.

तांबडा रस्सा आणि मिसळीचा कट

कोल्हापुरी घरातला मुख्य शत्रू हाच आहे, त्यामुळे त्याच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. कांदा-लसूण चटणीत रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी मिरची घालतात, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. डाग पाडते ती मिरचीचा रंग देणारी बाजू. तिखटपणाचा डागाशी काही संबंध नाही. मिरचीचा लाल रंग आणि गाजराचा, आंब्याचा केशरी रंग हे एकाच कुळातले. ते पाण्यात विरघळत नाहीत, तेलात विरघळतात, आणि म्हणूनच सगळा रंग तवंगात जमतो. याचा उपयोग असा की कपड्यातून तेल नीट काढले, तर बराचसा लाल रंग त्याच्याबरोबरच निघून जातो.

त्यासाठी कपडा कोरडा असतानाच डागावर भांडी घासण्याच्या लिक्विडचे चार-पाच थेंब सोडावेत. कपडा कोरडा असणे महत्त्वाचे आहे, कारण धाग्यांत आधीच पाणी भरलेले असेल तर लिक्विड पातळ होते आणि तेलापर्यंत पोहोचत नाही. थेंब बोटाने हलके पसरून टूथब्रशने डागाच्या कडेकडून मध्याकडे फिरवावे. मध्यापासून बाहेर घासल्यास डागाभोवती वलय तयार होते. दहा मिनिटे ठेवून, कपडा उलटा करून, डागाच्या मागच्या बाजूने कोमट पाणी सोडावे, म्हणजे तेल जिथून आत आले तिथूनच बाहेर पडेल. पाण्याबरोबर केशरी ओघळ वाहताना स्पष्ट दिसतो. तो दिसेनासा झाला पण बोटाला डागाची जागा अजून निसरडी लागत असेल, तर तेल शिल्लक आहे असे समजून हेच पुन्हा एकदा करावे. शाळेचे गणवेश बहुधा पॉलिस्टर मिसळलेल्या कापडाचे असतात आणि पॉलिस्टर तेलाला सुतापेक्षा अधिक घट्ट धरून ठेवते, त्यामुळे गणवेशाच्या बाबतीत ही दुसरी फेरी जवळजवळ नेहमीच लागते.

एवढे झाल्यावर कपडा कोमट पाण्यात धुण्याची पावडर विरघळवून अर्धा तास भिजत घालावा. इथे अनेकजण घाबरतात, कारण जिथे फिकट पिवळा ठिपका राहिला होता तिथे पावडरचे पाणी लागताच गडद तांबूस डाग उमटतो. माझ्या एका पांढऱ्या सुती कुर्त्यावर असे झाले तेव्हा पावडरमध्येच काही दोष आहे असे वाटून मी त्यावर आणखी साबण घासला, मग सोडा टाकला, आणि डाग आणखी लाल होत गेला. प्रत्यक्षात हळदीचा हा स्वभावच आहे. हळदीला चुन्यासारखा क्षार लागला की ती लाल होते. कुंकू तयार करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. धुण्याचा साबण, पावडर, सोडा हे सगळे क्षारच आहेत, म्हणून त्यांच्या संपर्कात हळद लाल होते आणि स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा खळबळून काढले की पुन्हा पिवळी होते. लाल रंग म्हणजे डाग वाढला असे नाही. उलट हळद नेमकी किती उरली आहे हे तो लाल रंग दाखवतो. त्या क्षणी साबण वाढवू नये, कपडा खळबळून घ्यावा.

उरलेल्या हळदीवर सर्वांत खात्रीचा उपाय ऊन हा आहे. त्या कुर्त्याशी मी झगडत असताना सासूबाई एवढेच म्हणाल्या, "अगं, उन्हात टाक की, जातंय ते." मला ते पटले नव्हते, तरी मी कुर्ता ओलाच गच्चीवर डाग वर करून पसरला. दुपारी चार वाजता खाली आणला तेव्हा डाग अर्धा उरला होता आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हानंतर तो कुठे होता हे शोधावे लागले. हळदीतील पिवळे द्रव्य प्रकाशात तुटते, म्हणून हे घडते. मिरचीचा उरलासुरला रंगही उन्हात असाच विटतो. मात्र दोन पथ्ये आहेत. कपडा तेल काढल्यानंतरच उन्हात घालावा, कारण तेल शिल्लक असताना उष्णतेने ते घट्ट होऊन पिवळट डाग कायमचा राहू शकतो. आणि कपडा रंगीत असेल तर त्याचा स्वतःचा रंगही उन्हात उडतो, म्हणून त्याला एका वेळी तासाभरापेक्षा जास्त ऊन देऊ नये. लागल्यास तीन-चार दिवस थोडे थोडे द्यावे.

जून ते सप्टेंबर या काळात कोल्हापुरात हा उपाय बहुतेक दिवशी उपलब्ध नसतो. जुलैतल्या झडीत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत गरम रश्शाची भूक जास्त असते. अशा वेळी पांढऱ्या सुती कपड्यांसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड उपयोगी पडते. ते मेडिकलमध्ये मिळते. बाटलीवर ६ टक्के किंवा २० व्हॉल्यूम असे लिहिलेले असल्यास तेवढेच पाणी मिसळून ते ३ टक्क्यांवर आणावे, कापसाने डागावर लावावे, पंधरा-वीस मिनिटांनी भरपूर पाण्याने काढावे आणि गरज असेल तर पुन्हा लावावे. दुसरा पर्याय म्हणजे सोडियम परकार्बोनेट असलेली डाग काढण्याची पावडर. ती गार पाण्यात फारशी काम करत नाही. हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्यात विरघळवून कपडा दोन-तीन तास भिजवावा लागतो. रंगीत कपड्यावर यांपैकी काहीही लावण्यापूर्वी शिवणीच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून पाहावा.

क्लोरीनच्या ब्लीचविषयी माझे मत स्पष्ट आहे: लहान मुले असलेल्या घरात डागांसाठी ते शक्यतो वापरू नये. पांढऱ्या सुती कापडावरची हळद त्याने जाते हे खरे, पण कापड कमजोर होते आणि रेशीम, लोकर किंवा ताणले जाणारे कापड त्याने खराब होते. वापरायचेच झाले तर लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करण्याचे आम्ल यांच्याबरोबर ते कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

पांढरा रस्सा

तांबडा रस्सा निदान दिसतो तरी. पांढरा रस्सा हा लपलेला डाग आहे. मटणाचे अळणी म्हणजे मटण शिजवलेले पाणी, नारळाचे दूध, काजू, खसखस यांत स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने दोन्ही भरपूर असतात, आणि फिकट शर्टावर तो वाळला की काही पडले होते हेही कळत नाही. कळते ते इस्त्री फिरल्यावर, जेव्हा पोटाच्या जागी पिवळा नकाशा उमटतो. इस्त्रीच्या उष्णतेने प्रथिने धाग्यावर शिजल्यासारखी चिकटून बसतात. म्हणून रविवारच्या जेवणानंतर डाग दिसो वा न दिसो, पुरुषांचे आणि मुलांचे शर्ट आम्ही खुंटीवरच लावतो.

इथे क्रम बदलतो. पहिले पाणी गारच हवे. गरम पाण्याने प्रथिने गोठतात, अंड्याचा पांढरा भाग उकळत्या पाण्यात गोठतो तशी. आधी गार पाण्यात वीस मिनिटे भिजवून खळबळावे, मग पाणी पिळून काढून, कपडा थोडा सुकल्यावर तेलासाठी भांड्यांचे लिक्विड लावावे, आणि शेवटी कोमट पाण्यात पावडर. एन्झाइम असलेली पावडर या कामाला सर्वांत चांगली, कारण त्यातील एक एन्झाइम प्रथिने तोडते आणि दुसरे स्निग्ध पदार्थ. परंतु एन्झाइमला वेळ लागतो, म्हणून किमान अर्धा तास भिजवावे आणि पाणी उकळते घेऊ नये, उकळत्या पाण्यात एन्झाइम निकामी होते.

दूध, दही, अंडे, आइस्क्रीम यांनाही हाच नियम लागू पडतो. संध्याकाळी मुलांना गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला नेले, की पेल्यावरचा फेस शर्टाच्या छातीवर हमखास सांडतो. घरी येताच तेवढा भाग गार पाण्याने धुतला तर पुढे काहीच करावे लागत नाही, आणि तसाच ठेवला तर दुसऱ्या दिवशी वासही येतो आणि पिवळेपणाही.

चहा, फळे आणि गूळ

चहाच्या डागात टॅनिन, म्हणजे चहाला तुरटपणा देणारे द्रव्य, असते. आपला चहा दुधाचा, म्हणून आधी गार पाणी, मग पावडरचे कोमट पाणी, आणि त्यानंतरही तपकिरी कड राहिली तर एक भाग पांढरे व्हिनेगर आणि दोन भाग पाणी मिसळून ते कापसाने टिपावे. साबणाची वडी टॅनिनच्या डागावर घासू नये. तिने डाग पक्का होण्याचा धोका असतो. हीच गोष्ट डाळिंबाची.

पावसाळ्याच्या तोंडावर राधानगरीच्या बाजूने येणारी जांभळे आणि पन्हाळ्याच्या वाटेवर द्रोणात मिळणारी करवंदे यांचा जांभळा रंग साबणाने निळा-हिरवा होतो, त्यामुळे त्याला आधी लिंबू किंवा व्हिनेगर आणि नंतर साबण असा उलटा क्रम लागतो. कपडा पांढरा व सुती असेल आणि डाग ताजा असेल, तर एक जुनी रीत फार सुंदर काम करते. पातेल्याच्या तोंडावर कपडा ताणून सुतळीने बांधावा, डाग मध्यभागी घ्यावा आणि हातभर उंचीवरून उकळते पाणी बारीक धारेने त्यावर सोडावे. रंग डोळ्यांदेखत खाली पातेल्यात उतरतो. हे काम मोठ्या माणसानेच, मुलांना दूर ठेवून करावे, आणि दूध मिसळलेल्या डागावर, म्हणजे जांभळाच्या मिल्कशेकवर किंवा आइस्क्रीमवर, अजिबात करू नये.

आमरसाचा डाग तांबड्या रश्शाच्या कुळातला आहे: गार पाण्याने गर काढावा, मग लिक्विड, मग ऊन. केळफूल किंवा कच्ची केळी चिरताना लागलेला चीक मात्र एकदा काळा पडला की क्वचितच निघतो. ते काम जुन्या कपड्यांतच करावे.

गुळाच्या आणि उसाच्या रसाच्या डागांकडे आपण सहसा लक्ष देत नाही, कारण साखर पाण्यात विरघळते आणि डाग गेल्यासारखा वाटतो. हंगामात मुलांना गुऱ्हाळावर नेले की काकवीचे थेंब बाह्यांवर घेऊनच ती परततात. कोमट पाण्याने काकवी सहज निघते, पण ती पूर्ण निघेपर्यंत, म्हणजे बोटाला चिकटपणा लागेनासा होईपर्यंत, खळबळावे लागते. राहिलेली साखर दिसत नाही, आणि सुती कापडासाठी सुमारे २०० अंशांपर्यंत तापलेली इस्त्री तिच्यावरून फिरली की ती करपून तपकिरी होते.

रेशीम

पैठणीच्या पदरावर किंवा लग्नाच्या पंगतीत रेशमी साडीवर आमटी सांडली, तर घरी काहीही प्रयोग करू नयेत, हे मी पुरेशा किमतीला शिकले आहे. आमच्याकडे एका साडीवर कोणीतरी चांगल्या हेतूने एन्झाइमची पावडर लावली आणि त्या जागेची चमक कायमची गेली. रेशीम हे स्वतःच प्रथिन आहे, त्यामुळे प्रथिने तोडणारी पावडर डागाबरोबर रेशमालाही खाते. साडीवर डाग पडताच कोरडे टिपावे, टाल्कम पावडर टाकून ठेवावी, पाणी लावू नये, आणि दोन दिवसांच्या आत ड्रायक्लीनला द्यावी. देताना नुसते "डाग आहे" असे न सांगता काय सांडले, केव्हा सांडले आणि घरी त्यावर काय लावले हे तिन्ही सांगावे, शक्य तर चिठ्ठीवर लिहून साडीला टाचावे. माहिती नसल्यामुळे चुकीचे द्रावण लावले जाते आणि मग दोष कोणाचा यावर वाद होतो. आमच्या एका शालूच्या बाबतीत असा वाद झाला होता आणि त्यात शालू परत मिळाला नाही तो नाहीच.

इस्त्रीपूर्वीची तपासणी

मशीनमधून निघालेला कपडा ओला असतानाच खिडकीच्या उजेडासमोर आडवा धरून पाहावा. तेलाचा अंश राहिलेला असेल तर ती जागा ओल्या कापडातही थोडी गडद आणि पारदर्शक दिसते. ड्रायर असलेल्या घरांत तर ही तपासणी ड्रायरच्या आधीच व्हायला हवी. संशय असेल तो कपडा दोरीवर सावलीत वाळवून पुन्हा खुंटीला लावावा आणि लिक्विडपासून सुरुवात करावी. एकदा धुतलेला डागही दुसऱ्या फेरीत निघतो, परंतु एकदा इस्त्री फिरलेला डाग निघेलच असे सांगता येत नाही. परटाकडे इस्त्रीचे गाठोडे देण्याआधी आम्ही गणवेश मोजतो तेव्हाच प्रत्येक शर्टाची छाती, पोट आणि उजवी बाही यांवर एकदा हात फिरवतो, कारण जेवताना डाग याच तीन जागी पडतात. खुंटीवर राहिलेल्या शर्टासाठी सोमवारी अडचण होऊ नये म्हणून प्रत्येक मुलाचा एक गणवेश जास्तीचा शिवून ठेवलेला आहे.